अकरा घरं आणि काळं सूप

समाज टिकतो कुटुंबावर, कुटुंब टिकतं स्त्रीवर, आणि स्त्री कशावर टिकते हा प्रश्न आमच्या समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता. समितीचं पूर्ण नाव 'आधुनिक प्रणयप्रकार प्रतिबंध व कौटुंबिक मूल्य पुनर्स्थापना समिती'. ती आमच्या 'चूल' वाहिनीने नेमली होती. ही वाहिनी पोलंडच्या पश्चिमेकडच्या आमच्या व्हेशबिन गावात आणि भोवतालच्या तेरा खेड्यांत दिसते (वारा नसेल तर पंधरा).

वाहिनीचं धोरण सरळ होतं. मोठ्या शहरातली वृत्तपत्रं आणि वाहिन्या पोरींची डोकी फिरवतात, आम्ही ती पुन्हा जागेवर आणायची. त्यासाठी रोज सकाळी सहा वाजता यादविगाबाई 'स्त्रीचं खरं स्थान' हा कार्यक्रम थेट सादर करत. स्त्रीने घरात थांबावं हे सांगण्यासाठी या माउली नऊ वर्षं पहाटे साडेचारला घर सोडत आहेत. (त्यांचे यजमान हा कार्यक्रम कधीच चुकवत नाहीत. बायको दिसण्याची त्यांच्यासाठी ती एकच वेळ आहे.)

संध्याकाळचा 'कुटुंबाचा तास' माझ्याकडे, म्हणजे कायेतानकडे होता. नवऱ्याचा राग कसा घालवावा, सासूला कसं जिंकावं, तिसरं मूल केव्हा व्हावं, हे मी सहा वर्षं ठामपणे सांगत आलो. त्या ठामपणात अनुभवाची भेसळ नव्हती. वय सदतीस, लग्न झालेलं नाही. मग एका प्रेक्षक बाईंचं पत्र आलं : 'हा सडाफटिंग आम्हाला संसार शिकवणार?'

संचालक इग्नात्सीसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"कायेतान, नाताळच्या आधीचा उपास लागायच्या आत लग्न ठरव. नाहीतर तुझा तास यादविगाबाईंना."

"साहेब, दोन-अडीच महिन्यांत बायको कुठून आणू?"

"परंपरेतून," साहेब म्हणाले, आणि घड्याळाकडे बघू लागले.

मोबाईलवर अंगठा सरकवून जोडीदार शोधणं समितीला अर्थातच मान्य नव्हतं. शहरातली मुलगी म्हणे एका मिनिटात चाळीस पुरुष बाजूला सारते. यात पुरुषाची काय प्रतिष्ठा राहिली? जुन्या पद्धतीत नकारालासुद्धा अख्खा रविवार लागायचा. मुलाने मध्यस्थाला घेऊन मुलीच्या घरी जायचं. हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, लग्नाचा विषय काढायचा नाही. मग जेवण वाढलं जातं. मुलगा पसंत नसेल तर बदकाच्या रक्ताचं काळं सूप वाढतात. त्यात व्हिनेगर, सुकी आलुबुखारं आणि शेवया असतात. मुलाने ते निमूट संपवायचं, 'छान झालंय' म्हणायचं आणि टोपी उचलून निघायचं. कोणी कोणाला वाईट बोलत नाही. एवढी सभ्य व्यवस्था आजच्या कुठल्या मोबाईलमध्ये आहे?

समितीने सगळी स्थळदर्शनं कॅमेऱ्यासमोर करायचं ठरवलं. मध्यस्थ स्वतः इग्नात्सीसाहेब. गाडी चालवणं, कॅमेरा धरणं, दिवे लावणं, चित्रण जोडून त्याची बातमी करणं आणि यादविगाबाईंचा माईक चापट मारून चालू करणं, ही पाच पदं मिलेना नावाची एकच मुलगी सांभाळायची. (त्यामुळे वाहिनीत पाच पदांमागे एकच नोकरदार स्त्री, असं समाधानकारक प्रमाण निघत असे.) मिलेना मला आवडायची. चार वर्षं आवडायची. पण समितीच्या निकषांत मुलगी घरात रमणारी हवी होती, आणि मिलेनाला घरी जायला आम्ही कधी वेळच दिला नव्हता.

पहिल्या रविवारी काळं सूप मिळालं.

दुसऱ्या रविवारीही काळंच.

तिसऱ्या रविवारी मुलीने स्वतः आग्रह केला. "आणखी घ्या ना! मुद्दाम भरपूर केलंय." परतताना मिलेनाने गाडीच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मिशी पूस. बदक लागलंय."

समितीपुढे गहन पेच उभा राहिला. पोरींचं वागणं परंपरेला धरून होतं, तक्रार तरी काय करणार? शिवाय हा शिष्टाचार आम्हीच जानेवारीत चाळीस मिनिटं, पाककृतीसह, दाखवला होता. तो कार्यक्रम लोकांनी पुन्हा पुन्हा मागितला होता. म्हणून साहेबांनी प्रत्येक घरात कॅमेऱ्याकडे वळून मुलीचं कौतुक केलं, आणि आमच्या बातमीपत्रात मथळा झळकला : 'घरोघरी परंपरेचं पुनरागमन, प्रतिसाद शंभर टक्के'. शहरातल्या एका वृत्तपत्राने 'निवेदकाला सातव्यांदा काळं सूप' असं छापलं. ही बातमी खोटी असल्याचं आम्ही त्याच दिवशी सिद्ध केलं. तोवर आठवं झालं होतं.

पुढे पुढे आम्ही शनिवारीही जाऊ लागलो. नोव्हेंबर संपत आला तेव्हा आकडेवारी अशी होती : घरं अकरा, बदकं अकरा, वाट्या साडेसत्तावीस. गावच्या तळ्यावर सामसूम झाली होती. मला ते सूप आवडू लागलं होतं, ही गोष्ट मी समितीपासून लपवली. पण घरी येऊन एकटा बसलो की मी टोपी काढायलाही विसरायचो. अकरा घरांत अकरा वेळा 'छान झालंय' म्हणताना माझा आवाज बसत चालला होता.

शनिवारी अकराव्या घरून निघालो तेव्हा साहेब मागच्या सीटवर घोरत होते.

"आता पुढं कुणाकडं?" मिलेनाने विचारलं.

"यादी संपली. उपासाला आठच दिवस राहिलेत. तास गेला म्हणायचा."

"एक घर राहिलंय की."

"कुठलं?"

"अकरा घरं ज्या गाडीतून फिरलास ती चालवतंय कोण, बावळटा?"

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आम्ही मिलेनाच्या घरी गेलो. तिचे वडील लेओनार्दराव एप्रन बांधून सुपाचं झाकलेलं भांडं घेऊन आले. मी डोळे मिटले. उघडले तर वाटीत पिवळंधमक कोंबडीचं सूप! वर तुपासारखे गोल तवंग, तळाशी गाजर दिसत होतं. मी रडलो. अगदी हुंदके देऊन. दुर्दैवाने त्याचं चित्रण नाही, कारण कॅमेरा धरणारी टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होती.

"मिलेनाच्या आईंच्या हाताला काय चव आहे!" साहेब म्हणाले.

"मी केलंय," लेओनार्दराव म्हणाले. "तिची आज दवाखान्यात ड्यूटी आहे."

साहेबांनी पहिला घोट घेतला, अभिनंदनासाठी हात पुढे केला, आणि तो हात हवेतच राहिला. लग्न झालं की मिलेना घरी थांबणार. वाहिनीचं धोरणच तसं. मग गाडी? कॅमेरा? यादविगाबाईंचा माईक? नऊ वर्षं दिवसाला बारा तास आम्ही जे सांगत होतो ते एखादी बाई खरोखर करून बसेल, अशी शक्यता साहेबांना पहिल्यांदाच दिसत होती. त्यांचा चेहरा उतरला. ते वाकून हळूच म्हणाले, "लेओनार्दराव, घरात थोडं काळं सूप असेल का हो?"

"बदकं कुठं राहिलीत गावात? तुम्हीच संपवलीत ना!"

"साहेब," मिलेना म्हणाली, "घरात कायम एक माणूस हवं, एवढंच तुमचं म्हणणं ना? मग हा आहे की! सहा वर्षं घर कसं चालवायचं ते सांगतोय. आता चालवू दे."

समितीची तातडीची बैठक त्याच टेबलावर भरली. 'गृहिणी हे पद असून त्यावर योग्य व्यक्तीची नेमणूक करता येते' असा ठराव साहेबांनी मांडला. लेओनार्दरावांना जागच्या जागी निमंत्रित सदस्य करून त्यांचं अनुमोदन घेतलं. मी तटस्थ राहिलो (तोंडात गाजर होतं). अशा रीतीने स्त्रीचं स्थान घरात आहे हे तत्त्व अबाधित राहिलं आणि त्या स्थानावर मी रुजू झालो.

'कुटुंबाचा तास' यादविगाबाईंकडे गेला. आता त्या सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घराचं महत्त्व सांगतात, त्यामुळे त्यांच्या यजमानांना त्या दुप्पट दिसतात. मिलेना रात्री आठला येते, बूट काढते आणि विचारते, "दिवसभर घरी काय केलंस?" या प्रश्नाचं उत्तर मी पूर्वी स्टुडिओत बसून हजारो बायकांना पाठ करून दिलं होतं. आता ते मला आठवत नाही. पण ती सूप पिऊन "छान झालंय" म्हणते, आणि टोपी उचलून निघून जात नाही. मी सुखी आहे.

संसाराबद्दल मात्र आता काही सांगता येत नाही, कारण वेळच मिळत नाही. हा एवढासा मजकूरदेखील मी ओट्याशी उभ्याने, नऊ तुकड्यांत लिहिला. तुम्ही तो बसून, एका दमात वाचलात. त्याअर्थी तुमच्या घरात तुमच्याऐवजी दुसरं कोणीतरी उभं आहे. तसं नसेल, तर उठा, काहीतरी करपतंय.