कोरामू बेटावरचे बाराशे ताप

"आपली शीट म्हणजे शीट आहे! बेटावर कुणाला नुसती कणकण आली तरी इथे आखातात, अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये मला आधी कळतं!" चहाचा घोट घेत गुणवंतानं बायकोला, शोभनाला, ऐकवलं.

बोलण्यात तथ्य होतं. हिंदी महासागरातल्या सहा बेटांवर त्याच्या कंपनीची हॉटेलं. डेंग्यू पसरतोय का हे कळावं म्हणून प्रत्येक बेटावरची नर्स तापाच्या रुग्णांचा आकडा शीटमध्ये भरायची, आणि त्यावर नजर ठेवायचा गुणवंत. आज त्याचं प्रोबेशन संपत होतं. नोकरी पक्की की घरी बसायचं, ते मॅनेजर यूनुसभाई पाच वाजता सांगणार होते. म्हणून सकाळीच त्यानं फाइल आवरली, पानांचा क्रम वर-खाली केला.

त्याच फाइलमध्ये शोभनाचंही एक पान होतं. चातुर्मासात लाख वाती वळायचा तिचा नेम. "वेगळी फाइल कशाला? माझ्यातच लिही की," हे औदार्य गुणवंताचंच. ती बापडी टॅबवर शेवटचं पान उघडून आकडा लिहायची.

दुपारी दोनला स्क्रीन लालभडक! कोरामू बेट, ताप : नऊशे पन्नास!

लगेच यूनुसभाईंचा फोन. "गुणवंत! कोरामू पे आदमी ही तिरपन हैं!"

"टुरिस्ट होंगे, सर!"

"टुरिस्ट मिलाके तिरपन!"

गुणवंताच्या डोक्याचा पार भिजून गेलेला साबुदाणा झाला. माणशी अठरा ताप? त्यानं बेटावरच्या ब्रिजिट सिस्टरना फोन लावला. बाई वसईच्या, आवाज फोनशिवायही पोचेल असा.

"अरे बाबा, इथे एकटा कुक डीन झोपलाय! तोही खेकडे जास्त खाल्ले म्हणून!"

तेवढ्यात आकडा हजार झाला.

"सिस्टर, पन्नास वाढले!"

"कुठे? मला तर कुणी दिसत नाही!"

"सिस्टर छुपा रही है!" दुसऱ्या फोनवरून यूनुसभाई गरजले. "यल्ला, बोट भेजो! आयलंड खाली करो!"

कोरामूवर भोंगा झाला. एकाच मांडवात उभ्या केलेल्या नवऱ्यामुलींसारखी त्रेपन्न धडधाकट माणसं मच्छरदाण्या पांघरून धक्क्यावर उभी राहिली!

इकडे आकडा अकराशे पन्नास. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला, तर शोभना कापूस घेऊन बसलेली.

"अहो, आज हात काय छान चालतोय! ह्या पन्नास धरून बाराशे!" तिनं टॅबवर बोट टेकवलं.

आत लॅपटॉप किंचाळला.

गुणवंतानं टॅब हिसकावला. वर लिहिलेलं : कोरामू!

"मी शेवटच्याच पानावर लिहिलं हो," शोभना हळूच म्हणाली.

आता कबुलीशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यानं यूनुसभाईंना फोन लावला. "सर, वो बुखार नहीं है. दिये की बत्तियाँ हैं. मेरी मिसेस बनाती हैं."

"बारह सौ?"

"सिर्फ आज की, सर."

बोट अर्ध्या वाटेतून परत फिरली. ब्रिजिट सिस्टरनी फोनवर जे सुनावलं, ते चातुर्मासात लिहिण्यासारखं नाही.

पाचला फोन वाजला. गुणवंतानं स्पीकर लावला.

"गुणवंत, मैंने मॅडम का पेज देखा. सत्तर दिन, एक भी खाली नहीं! और तुम्हारे आयलंड के पेज हर फ्रायडे खाली! तुम्हारा खलास. मॅडम को मंडे को इंटरव्ह्यू के लिए भेजो."

शोभना फोनपाशी वाकून नम्रपणे म्हणाली, "मंडे को नहीं होगा, भाईसाहब. सोमवार को मेरा मौन रहता है. मैं बोलती नहीं."

गुणवंताच्या जिवात जीव आला.

"बोलती नहीं?" पलीकडून यूनुसभाईंचा आवाज भरून आला. "माशाल्ला! फिर इंटरव्ह्यू छोडो. मंडे से जॉइन कर लो!"