पार्श्वभूमी पांढरी असावी

"हसायला लागायच्या आत फोटो काढून घे गं. नंतर पस्तावशील," असं नणंदेने तिला बजावलं होतं. नणंदेला तीन मुलं, तिघांचेही पासपोर्ट झालेले, म्हणजे बाई या विषयातल्या जाणकार. पण चिमी तेव्हा सहा आठवड्यांची होती, आणि सहा आठवड्यांच्या मुलीच्या आईला दुसरी पुष्कळ भ्यायची कामं असतात. "ताई, तुमचं आपलं काहीतरीच!" असं म्हणून ती झोपलेल्या चिमीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का ते बघायला गेली. (चालू होता. दिवसातून सरासरी चौतीस वेळा बघितला जाई आणि चौतीसही वेळा चालूच असे.)

माणूस हसला की ओळखू येत नाही, हे पासपोर्ट कचेरीने फार पूर्वीच ताडलेलं आहे. हसरा चेहरा कुणाचाही असू शकतो. तटस्थ चेहरा मात्र ज्याचा त्याचाच असतो. म्हणून कचेरीच्या पत्रकात फोटोबाबत सतरा नियम दिलेले आहेत. चेहरा समोर असावा, डोळे उघडे असावेत, तोंड मिटलेले असावे, भाव तटस्थ असावेत, पार्श्वभूमी पांढरी व सपाट असावी. हे सगळं माणसाला रांगेत दोन तास उभं केलं की आपोआप साधतं. परंतु सतराव्या नियमाखाली बारीक अक्षरात असंही लिहिलं होतं : "एक वर्षाखालील अर्जदारास कोणी धरलेले असल्यास धरणाऱ्या व्यक्तीचा कोणताही भाग फोटोत दिसू नये." म्हणजे धरू नये असं कचेरी म्हणत नाही. धरावं, फक्त असू नये.

आता चिमी पाच महिन्यांची झाली होती आणि दिसेल त्याला हसत होती. पंख्याला हसे, बादलीला हसे, दाराच्या कडीला तर खिदळून हसे. तिचा बाप तिच्या जन्माआधी दोन महिने परदेशात नोकरीवर गेलेला. त्याला मुलगी माहीत होती ती फोनच्या काचेवर, हाताच्या बोटाएवढी. एकवीस तारखेची तिकिटं काढलेली होती. फोटो तीन वेळा नामंजूर झाला तर अर्ज रद्द, नवा अर्ज सहा महिन्यांनी. तोवर चिमी चालायला लागली असती आणि पहिलं पाऊल बापाने पुन्हा काचेवरच बघितलं असतं. ही गोष्ट तिच्या इतकी जिव्हारी लागली होती की ती चिमीला पत्रक वाचून दाखवू लागली. चिमी पत्रकालाही हसली.

आधी स्टुडिओत नेऊन झालं. तिथले दिवे पाहून चिमीला जो आनंद झाला तो बघून फोटोग्राफरलाच हसू आवरेना. "बाई, दात आल्यावर आणा, तेव्हा रडतात," असा सल्ला देऊन त्याने त्यांना परत पाठवलं.

मग काम घरात आलं, आणि घरात दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष दिराचा. त्याच्याकडे डीएसएलआर होता. दीर पक्ष्यांचे फोटो काढणारा, एका खंड्यासाठी चार-चार तास झुडपात बसणारा. "वहिनी, बाळ म्हणजे काय? पक्षीच. फक्त उडत नाही, एवढंच," असा त्याचा अभ्यास. दुसरा पक्ष सासऱ्यांचा. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा गेली कित्येक वर्षं दोरीने बांधून ठेवलेला. दीर त्याला 'डबी' म्हणे. सासरे डीएसएलआरला 'तोफ' म्हणत.

दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना घरात रीतसर करण्यात आली. तिचा निष्कर्ष असा : डबी खिशातून निघून फोटो काढेपर्यंत चार सेकंद लागतात. तोफेला तेवीस मिनिटं लागतात, त्यातली सहा 'झाकण कुठे ठेवलं' यात जातात. तोफेच्या पिशवीला अकरा कप्पे आहेत, चिमीच्या पिशवीला नऊ. (दोन्ही पिशव्यांचा रंग एकच असल्याने दिराने एकदा जंगलात पोचून दुधाची बाटली बाहेर काढली होती.) तोफेला चिमीच्या पापण्या मोजता येतात, डबीला समोर मूल आहे एवढं कळतं. तोफ समजायला चारशे पानांचं पुस्तक आहे. डबीला एक बटण आहे, आणि तेही सासऱ्यांच्या मते एखादं जास्तच. चिमीचा चेहरा सलग तटस्थ राहण्याचा काळ दीड सेकंद मोजण्यात आला.

राहता राहिली ती. तिला खुर्चीवर बसवून वरून पांढरी चादर टाकण्यात आली. मांडीवर चिमी, आणि चादरीच्या आतून दोन हात चिमीच्या काखांत. अशा रीतीने ती सतराव्या नियमात बसली.

आत सगळं पांढरं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला चिमी दिसत नव्हती. "भाऊजी, तिचे डोळे उघडे आहेत ना? चादर तोंडात नाही ना घेतलीन?"

"वहिनी, पार्श्वभूमीने बोलायचं नाही. हलते."

पहिल्या दिवशी तोफेने चारशे फोटो काढले आणि त्यांतून एक तटस्थ निघाला. घरात जल्लोष झाला. सासऱ्यांनीसुद्धा मोठ्या मनाने "बरा आहे" म्हटलं.

कचेरीत खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी तो फोटो भिंगाखाली धरला. "हे मागे काय आहे?"

"चादर," दीर म्हणाला.

"चादरीला नाक आहे."

"चुणी असेल."

"चुणीला नाकपुड्या आहेत." बाईंनी भिंग चिमीच्या डोळ्यावर सरकवलं. "आणि हे बघा. डाव्या बुबुळात एक कॅमेरेवाला आणि खुळखुळा वाजवणारे एक आजोबा. उजव्यातही तेच दोघं. अर्ज एकाचा आहे. फोटोत पाच माणसं चालत नाहीत. पार्श्वभूमी धरून सहा."

नामंजुरीचा शिक्का बसला. दीर मात्र घरी आला तो छाती फुगवून. "बघितलंत? बुबुळातले बाबा ओळखू आले! डबीत आले असते?"

"मला कुणाच्या डोळ्यात यायची हौस नाही," सासरे म्हणाले, आणि त्यांनी दोरी सोडून डबी बाहेर काढली.

डबीचा फ्लॅश स्वतःच्या मर्जीचा मालक होता. तो असा काही उडाला की खोलीतलं सगळं पांढरं झालं. दुसऱ्या नामंजुरीत बाईंनी लिहिलं : "फोटोत अर्जदार आढळून येत नाही. दोन डोळे आढळून येतात. कोपऱ्यातील तारखेनुसार सदर फोटो अर्जदाराच्या जन्माच्या सतरा वर्षे आधी काढलेला आहे. खुलासा करावा." सासऱ्यांनी तारीख कधी लावलीच नव्हती. तारीख काय, ती रोज बदलते, असं त्यांचं म्हणणं.

एक संधी उरली आणि हातात सहा दिवस. घरच्यांनी शांत डोक्याने विचार केला. कॅमेरे दोन्ही चांगलेच होते, एक उजेडात आणि एक भोळेपणात. अर्जदार चांगली होती. मग दोष उरला कशात? पार्श्वभूमीत. यावर घरात कधी नव्हे ते एकमत झालं, आणि ती स्वतःही त्याला बळी पडली. जगातल्या सगळ्या चुका आपल्याच हातून होतात यावर तिचा आधीपासूनच विश्वास होता.

सराव सुरू झाला. सकाळी दूध, मालिश, आंघोळ झाली की ती चादरीखाली बसे. नाक दिसू नये म्हणून मान खाली घातली की डोकं वर येई, डोकं मागे टाकलं की हनुवटी. सासऱ्यांनी माळ्यावरून आपली जुनी पाणसळ काढली आणि तिच्या माथ्यावर ठेवली. "सूनबाई, अर्धा अंश डावीकडे कललीयस. हं. आता जमीन कशी सपाट लागली!" चादर अंगावर असतानाच कोमट इस्त्री फिरवून बघण्यात आली. (खांद्यापर्यंत ठीक गेली.) तिसऱ्या दिवशी तिला चाळीस सेकंद श्वास रोखता येऊ लागला, चौथ्या दिवशी पंचावन्न. पाचव्या दिवशी नाकावर माशी बसली तरी चादर हलली नाही. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, "किती सुरेख बसते हो! तिथे कुणी आहे असं वाटतच नाही."

"मला तीन मुलांत हे जमलं नव्हतं," नणंद म्हणाली. तिच्या आवाजात थोडा हेवाही होता.

आतून तिला बरंच वाटलं. गेल्या पाच महिन्यांत तिच्या कुठल्याही कामाचं इतकं कौतुक झालं नव्हतं.

शेवटच्या दिवशी कचेरी पाचला बंद होणार होती. पहिला मान तोफेला मिळाला. पण तोफेची काच वाटीएवढी, आणि त्या काचेत चिमीला एक छोटी चिमी दिसली. झालं! दोघी एकमेकींना हसल्या, हात नाचवू लागल्या, पाय झाडू लागल्या. दोनशे बारा फोटो निघाले. त्यांत हसणारे दोनशे नऊ, शिंकणारे दोन, आणि एक दिराच्या बुटाचा. सव्वाचार वाजले. घामाघूम दीर खाली बसला. "बाबा, तुम्हीच बघा आता."

सासऱ्यांनी फ्लॅशवर औषधाची चिकटपट्टी लावली, आयुष्यात पहिल्यांदा तारीख लावली, आणि डबी समोर धरली. डबीची काच सदऱ्याच्या गुंडीएवढी. त्यात चिमीला ना ती स्वतः दिसली, ना दुसरं कुणी. कामाचं काहीच नसलेल्या वस्तूकडे माणूस जसं बघतो तसं तिने डबीकडे बघितलं. दीड सेकंद. खट्.

"हलू नका हं वहिनी, लाळ पुसतो," दीर म्हणाला आणि चिमीला उचलून घेतलं. मग डबीच्या पडद्यावर दीर, सासरे आणि नणंद अशा तिघांची डोकी एकत्र आली. "अरे वा! तटस्थ!" "तोंड मिटलेलं!" "मागे कुणीसुद्धा नाही!" चपला वाजल्या, कागद सळसळले, दार लागलं. चिमीचं खिदळणं जिन्याने खाली जाताना ऐकू आलं, त्यावरून चिमी सुखरूप आहे हे तिला कळलं.

चादरीखाली ती बसून राहिली. ऊठ असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि इतकी चांगली साधलेली सपाटी मोडायची म्हणजे जिवावर येत होतं. शिवाय मांडी हलकी होती. नाकाखाली बोट धरायला समोर कुणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःच्याच नाकाखाली धरून बघितलं. चालू होता.

पाचाला दहा कमी असताना खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी फोटोवर भिंग फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मंजुरीचा शिक्का मारला. शेऱ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : "पार्श्वभूमी उत्कृष्ट." खात्याच्या इतिहासात असा शेरा क्वचितच मिळतो, असं त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी डबीचा मुका घेतला. दिराने तोफेने डबीचा फोटो काढला, म्हणजे त्याच्या परीने हार मानली. मंजूर फोटो तिथूनच परदेशी पाठवण्यात आला.

तिचा फोन वाजला तो चादरीच्या आतच, खुर्चीच्या कडेला.

"आला गं फोटो!" नवऱ्याचा आवाज आनंदाने फाटला होता. "काय गंभीर बसलीय! अगदी न्यायाधीश! एकवीसला विमानतळावर ओळखायला मला हाच फोटो पुरे. तू काढलास?"

"नाही. मी फोटोत आहे."

"फोटोत? कुठे?" तो बराच वेळ बघत असावा. "मला तर चिमीच दिसतेय."

"तिच्या मागे जेवढं पांढरं आहे ना, ती सगळी मी."

पलीकडे तो हसला, मग हसता हसता थांबला. "तू आता कुठे आहेस?"

"तिथेच," ती म्हणाली.

तेव्हा वाचक हो, तुलनेचा निकाल लागला आहे : फोटो डबीचा चांगला. तोफेतून नको तेवढं दिसतं. पण एक विनंती आहे. तुमचाही कुठल्या तरी कपाटात असा एक फोटो असेलच. तुम्ही दोन-पाच महिन्यांचे, अंगात आवळ झबलं, मान ताठ, कुणीही धरलेलं नसताना एकटेच बसलेले. त्या वयात माणूस एकटा बसू शकत नाही, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. म्हणून तुमच्या मागचं ते पांढरं एकदा नीट बघा. चुणीला नाक आहे का बघा. आणि मग जरा त्या घरी जाऊन या; नाहीच जमलं तर निदान फोन करा. तुम्हाला उचलून नेलं त्या घाईत "झालं, आता ऊठ" असं तिला कुणी सांगितलं होतं का, तेवढं विचारा.