हिरवं दिसेपर्यंत

आमच्या खरवईच्या सोसायटीत मोरेसरांना किती वाजले विचारलं, की ते उलट विचारत, “घाई आहे?” नाही म्हटलं तर उत्तर, “सकाळ आहे.” हो म्हटलं तर, “नऊ बावन्न आणि वीस सेकंद.”

सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले, एकटे. “आधी ढोबळ, मग बारीक,” हा त्यांचा मंत्र. डाळीत मीठ आधी मुठीने टाकायचे, शेवटी कण मोजून. डाळ खारटच व्हायची.

बारवी धरणाचं पाणी आमच्या चार विंगांत सारखं पोचेना, तेव्हा त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. पाइपाच्या प्रत्येक जोडावरचा दाब शेजारच्या जोडांवरून काढायचा, सगळे आकडे स्थिरावेपर्यंत फेऱ्या मारायच्या. लॅपटॉप म्हातारा. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या दोनच दशांशांत. आकडे थाऱ्यावर येतील तसे प्रोग्रॅमच दशांश वाढवणार आणि उत्तर पक्कं झालं की पिवळी स्क्रीन हिरवी करणार.

“पहिल्यापासून आठ दशांश कशाला, कदमसाहेब? भात कापायला कोणी वस्तरा घेतं का?”

कदमसाहेब म्हणजे मी, सेक्रेटरी. लॅपटॉप सोसायटीच्या ऑफिसात चालू ठेवून व्हॉल्व्हचा वॉशर आणायला अंबरनाथला जाताना सर बजावून गेले, “स्क्रीन हिरवी दिसेपर्यंत हात लावू नका.”

मीटिंगची वेळ झाली होती. स्क्रीन पिवळी होती, पण आकडे तर दिसत होते. पुढचे दशांश शोभेचे असणार, असं ठरवून मी ते उतरवून घेतले आणि प्रोग्रॅम बंद केला. सर आल्यावर म्हणालो, “हिरवं आलं.”

त्या आकड्यांवर प्लंबरने व्हॉल्व्ह फिरवले आणि सी विंग कोरडी पडली.

“ओ सर, तुमच्या दशांशाने अंघोळ करू का?” शिंदेवहिनी भर मीटिंगमध्ये कडाडल्या. सगळे हसले. मीही हसलो. सर खाली बघत राहिले. त्यांचं घरही सी विंगमध्येच, चौथ्या मजल्यावर. व्हॉल्व्ह पुन्हा जुन्या जागी आले, पण सरांना वेळसुद्धा कोणी विचारेनासं झालं.

दोन वर्षांनी, परवा, मी त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं.

“माहीत होतं,” ते म्हणाले. “कितव्या फेरीला बंद केलं, त्याची नोंद राहते.”

“मग बोलला का नाहीत?”

“पहिल्या फेरीत उत्तर आलं, कदम लबाड माणूस. पण ते ढोबळ. म्हटलं, फेऱ्या चालू ठेवू.”

“दोन वर्षं?”

“लॅपटॉपसारखाच मीही म्हातारा.” ते उठले, चहाचं आधण ठेवलं. “साखर किती?”

“अंदाजे,” मी म्हणालो.

“नाही, नाही,” सर म्हणाले आणि चमचा डोळ्यांजवळ धरून साखरेचे कण मोजू लागले.