दहापैकी दहा

"दहा," दाताचे डॉक्टर म्हणाले आणि समोर बसलेल्या दोघांचे डोळेच पांढरे झाले.

रविवारची सकाळ होती. दवाखाना बंद होता आणि वेटिंग रूममध्ये मंडळाची बैठक भरली होती. मंडळ म्हणजे चारच माणसं: डॉक्टर, भूगोलाच्या बाई, लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, आणि कंबर धरल्यामुळे घरी आडवे पडलेले चष्मेवाले. यांचा उद्योग एकच. एका बँडचे कार्यक्रम ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी जमून त्याला गुण द्यायचे. इतक्या वर्षांत डॉक्टर साडेआठच्या वर कधी चढले नव्हते. पैकीच्या पैकी दिले म्हणजे पुढं ऐकायला काही उरलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. अहो, या माणसानं स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणाला सहा गुण दिले होते, तेही व्याह्यांच्या तोंडावर. आणि आज एकदम दहा! बाईंनी काळजीनं विचारलं, अंगात कणकण वगैरे आहे का.

बँडही काही साधासुधा नव्हता. हे लोक एखादं गाणं धरायचे, त्याचं पहिलं कडवं म्हणायचे आणि मग ते तिथंच टाकून भटकायला निघायचे. गिटार वाजवणारे मास्तर पुढं, बाकीचे त्यांच्या मागं. कुठं जायचं ते वाजवता वाजवता ठरायचं. अर्धा अर्धा तास असं रानोमाळ हिंडून झालं, की मास्तर अलगद त्याच गाण्याच्या दारात परत यायचे, आणि त्या परतण्यावर मंडळ जीव ओवाळून टाकायचं. ऐकायचे नियमही कडक होते. बसायचं ते पहिल्या रांगेत. वाजवणं सुरू झालं की डोळे मिटायचे. आणि काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या डॉक्टरांनीच हा शेवटचा नियम केला होता.

कालच्या कार्यक्रमात 'निळी सायकल' या गाण्यातून मास्तर जे बाहेर पडले ते चाळीस मिनिटं परतलेच नाहीत. असं याआधी कधी झालं नव्हतं. त्यातच बँडचं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐन वेळी बंद पडलेलं. पण लिफ्टवाल्यांचा माइक दर वेळेसारखा डॉक्टरांच्या टोपीला चिकटवलेला होता, त्यामुळे ती चाळीस मिनिटं जगात फक्त त्यांच्यापाशी उरली. बँडच्या मॅनेजरनं ती लगेच मागून घेतली. नवी रेकॉर्ड यातूनच काढायची, म्हणाला, आणि कव्हरवर छापायला डॉक्टरांनी चार शब्द लिहून द्यावेत, दुपारच्या आत.

तेव्हापासून डॉक्टरांचे पाय जमिनीवर नव्हते. या बँडच्या कव्हरवर आपलं नाव यावं, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव इच्छा होती. बाकी घर, दवाखाना, जावई, सगळं आपसूक झालं होतं. त्यासाठी त्यांनी कधी देव पाण्यात घातले नव्हते. या नावासाठी मात्र ते आतल्या आत झुरत होते.

"चाळीस मिनिटं कशी गेली, मला कळलंच नाही," डॉक्टर म्हणाले. "डोळे मिटले, आणि एकदम टाळ्याच ऐकू आल्या. मधला काळच नाहीसा झाला हो. असं माझं कधी झालं नाही. म्हणून दहा."

लिफ्टवाल्यांनी नऊ धरले होते, ते त्यांनी गपचूप दहा केले. मग ज्याला जे आठवत होतं ते त्यानं सांगितलं. मंडळाची पद्धतच तशी होती: आधी आठवणीवर गुण द्यायचे आणि मगच रेकॉर्डिंग ऐकायचं, म्हणजे मन कोरं राहतं. लिफ्टवाले म्हणाले, वाजवणं अगदी हळू झालं तेव्हा खालून एक खोल, जड सूर सुरू झाला होता, एकसारखा. बासवाल्यानं कमाल केली. बाईंनी मान्य केलं, त्यांच्याही अंगावर त्या सुरानं काटा आला होता. त्यांनी तर नियम मोडून एकदा डोळा किलकिला केला होता. मास्तर पार स्टेजच्या कडेशी येऊन वाकले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आपल्याच सुरांशी बोलत होते म्हणे.

डॉक्टरांना यातलं काहीच आठवेना, म्हणून त्यांनी दोन्ही गोष्टींचं सर्वांत जास्त कौतुक केलं. लगेच मजकूर लिहायला घेतला आणि लिहून झाल्यावर उभं राहून वाचून दाखवला. "मास्तर घराबाहेर पडले ते वाट चुकायला नव्हे. परतीचा रस्ता त्यांना पावलोपावली दिसत होता. खालून पृथ्वीचा श्वास चालू होता. आणि आम्ही? आम्ही क्षणभरही न ढळता जागे होतो." बाईंनी डोळे पुसले. डॉक्टरांनी खाली स्वतःचं नाव, पदवी अन् दवाखान्याची वेळ टाकली आणि मजकूर मोबाइलवरून धाडून दिला.

एवढा वेळ डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टरांची बायको, आपल्या काउंटरमागं बसून पुढच्या आठवड्यातल्या पेशंटांना वेळा लावून देत होत्या. दवाखान्याचा पुढचा कारभार सगळा त्यांच्याकडे. आलेल्याला बसवायचं, फोन घ्यायचा, कुणी काही विचारलं की सरळ उत्तर द्यायचं. काल चष्मेवाल्यांचं तिकीट फुकट जाऊ नये म्हणून त्या पहिल्यांदाच कार्यक्रमाला गेल्या होत्या. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

लिफ्टवाल्यांनी रेकॉर्डिंग लावलं. तिघांनी डोळे मिटले. पहिलं कडवं झालं, मास्तर निघाले, वाटेत ड्रम आणि बास येऊन मिळाले, आणि बराच वेळ सगळं फार सुंदर चाललं होतं. हळूहळू आवाज उतरत गेला. बास थांबला, ड्रम थांबले. एकटी गिटार चाचपडल्यासारखी एकेक सूर काढू लागली, आणि तिच्याखाली तो जड सूर सुरू झाला.

"पृथ्वीचा श्वास," डॉक्टर पुटपुटले.

"आता तो विचारील बघा," काउंटरमागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कोण, वहिनी?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"गिटारवाला."

डॉक्टरांनी बोट वर करून बायकोला गप्प राहायची खूण केली, आणि तेवढ्यात स्पीकरमधून मास्तरांचाच आवाज आला. अगदी जवळून आणि अगदी घाबरलेला. "ताई, आपण कुठलं गाणं वाजवत होतो हो?"

तिघांचेही डोळे खाडकन उघडले.

"निळ्या सायकलचं," स्पीकरमधल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "ती चोरीला गेली तिथवर झालंय. पुढचं राहिलंय."

"देवासारख्या भेटलात. एवढे जाणकार बसलेत, पण कुणी डोळेच उघडत नाही."

"त्या दोघांचं मला ठाऊक नाही. आमचे हे झोपलेत."

मग दोघंही गप्प झाले, आणि त्या शांततेत पृथ्वीचा श्वास फार स्पष्ट ऐकू आला. त्याच्या शेवटी एक बारीक शिट्टीही होती. डॉक्टरांच्या घरात ही शिट्टी गेली कित्येक वर्षं रोज वाजत होती, फक्त ती ऐकायला डॉक्टर स्वतः कधी जागे नव्हते.

दाताच्या डॉक्टरांचीच दातखीळ बसली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. भान हरपून ज्या सुराला त्यांनी दाद दिली होती तो शेजारच्या खुर्चीतून येत होता, हे पचायला जड होतं. लिफ्टवाल्यांनी रेकॉर्डिंग मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच निघालं.

"अगं, तू मला उठवलं का नाहीस?" शेवटी डॉक्टरांना वाचा फुटली.

"मला वाटलं, तुमच्यात असंच ऐकतात. तिघंही डोळे मिटून बसला होतात. तुम्ही जरा जास्त रंगला होतात, एवढंच."

"आणि तू मधे बोललीस? मास्तरांशी?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. शिवाय सायकल सापडते की नाही ते मला ऐकायचं होतं. चाळीस मिनिटं मी त्याचीच वाट बघत होते. सारखं वाटायचं, आता सांगतील, आता सांगतील."

जे परतणं ऐकून सबंध सभागृह उभं राहिलं होतं, ज्याला मंडळानं गळ्यात गळे घालून दहा गुण दिले होते, ते डॉक्टरीणबाईंनी पेशंटला खुर्ची दाखवावी तसं दाखवून दिलेलं होतं. पण डॉक्टरांना आता त्याचंही दुःख उरलं नव्हतं. त्यांना आठवला तो मजकूर. परतीचा रस्ता पावलोपावली दिसत होता! क्षणभरही न ढळता जागे! आणि हे रेकॉर्डिंग बँडकडे पोचलेलं. म्हणजे ते लोक आता एकीकडे घोरणं ऐकत होते आणि दुसरीकडे हे वाचत होते. डॉक्टरांनी मोबाइल उचलला, मजकूर पुसायचा प्रयत्न केला, घाईघाईत तोच पुन्हा एकदा धाडला, आणि मग डोकं धरून खाली बसले.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. डॉक्टरीणबाईंच्या हातात पेन होतं, म्हणून त्यांनी नेहमीसारखा तो स्पीकरवर टाकला. "दातांचा दवाखाना. बोला."

"कालच्या ताई का तुम्ही?" मास्तर विचारत होते. मजकुराखालच्या नावावरून त्यांनी नंबर शोधून काढला होता.

डॉक्टर तिथल्या तिथं आक्रसले. मास्तर मात्र चिडलेले वाटत नव्हते. आधी त्यांनी मनापासून आभार मानले. मग त्यांचा आवाज खाली आला. उभा जन्म ज्यानं हे गाणं म्हटलं, त्याच्या डोक्यातून काल ते पार पुसलं गेलं होतं, म्हणाले. मागं वळून पाहिलं, तर बाकीचेही वाजवायचं थांबून त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

"सगळं संपलं असं वाटलं, ताई. गिटार खाली ठेवून आत निघून जाणार होतो. तेवढ्यात खालून तो सूर आला. एकसारखा, न थांबणारा. तो धरला आणि उभा राहिलो. आता आमचा बासवाला शपथेवर सांगतो की तो सूर त्याचा नव्हताच. मग कुणाचा होता?"

डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले. मान जोरजोरात हलवली. सांगू नको, असं डोळ्यांनी विनवलं. पण डॉक्टरीणबाईंना कुणी काही विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

"आमचे हे," त्या म्हणाल्या.

मग मास्तरांनी डॉक्टरांशी बोलायची इच्छा दाखवली. डॉक्टर काउंटरपाशी गेले ते अपराध्यासारखे. मजकूर रद्द समजा, असं ते बोलायच्या आधीच मास्तरांनी तो रद्द केला होता. लिहिलंय छान, म्हणाले, पण छापता यायचं नाही. ज्याला काल गाणंच आठवलं नाही, त्याला रस्ता दिसत होता असं कव्हरवर कसं टाकायचं? डॉक्टरांनी निमूट हो म्हटलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आयुष्यात मागितलेली एकुलती एक गोष्ट सकाळी हाती आली होती आणि दुपारच्या आत गेली होती.

"नाव मात्र लागेल," मास्तर म्हणाले.

"कुठं?"

"वादकांत. तुम्ही वाजवलंय ना आमच्याबरोबर. तो सूर काढला, तर माझी गिटार उघडी पडते. ऐकून बघितलं आम्ही."

काय धक्का म्हणायचा हा! लिफ्टवाले उठून उभेच राहिले. कव्हरवर चार शब्द लिहिण्यासाठी डॉक्टर झुरत होते, आणि इथं मास्तर त्यांना गिटार आणि बासच्या ओळीत बसवत होते. अपमान मानावा की सन्मान, हे डॉक्टरांना पटकन ठरवता येईना. मानेपर्यंत लाल होऊन त्यांनी हळूच विचारलं, की नाव साधारण कुणाच्या नंतर येईल.

"बासच्या नंतर, ड्रमच्या आधी."

डॉक्टरांनी ड्रमच्या आधी हे दोनदा म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. अशा प्रकारे दाताच्या डॉक्टरांचा सन्मान झाला, आणि तो त्यांनी स्वीकारलाही.

फोन ठेवण्यापूर्वी मास्तरांनी आणखी एक सांगितलं. पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे. सबंध बँडचं मत पडलंय, की डॉक्टरांनी पहिल्या रांगेत मधोमध बसावं. त्यांच्यासाठी हातांच्या खुर्चीची व्यवस्था होईल. शेजारी ताई हव्यातच. "फक्त एक विनंती आहे, डॉक्टर," ते जरा संकोचून म्हणाले, "येताना दमून या."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडून तारीख विचारून घेतली आणि त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओळीनं सगळ्या अक्कलदाढा काढायच्या वेळा लावून टाकल्या.