उपाशीपोटी हुग्गी

"खाली पेट है ना, सर? बारा घंटा?" रक्त न्यायला आलेल्या देवाप्पानं दंडाला बांधायचा रबरी पट्टा काढत विचारलं, आणि वासुदेवरावांच्या काळजात धस्स झालं. खाली कसलं डोंबलाचं! अर्ध्या तासापूर्वीच त्या पोटात द्रोणभर हुग्गी गेली होती. मऊ तांदूळ, मुगाची डाळ, मिरी, काजू, आणि वर तुपाची ही धार!

तीन महिन्यांपूर्वी पुण्यात वासुदेवरावांची अँजिओप्लास्टी झाली आणि शंतनुनं आईवडिलांना उचलून कानडी मुलखात, मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. परत जायची अट एकच: वाईट कोलेस्टेरॉल, ते काय ते एलडीएल, सत्तरच्या आत आलं पाहिजे. शनिवारचं पुण्याचं तिकीट शंतनुनंच काढलं होतं. पण आज गुरुवार, आणि रिपोर्ट बिघडला तर रद्दही तोच करणार होता. स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत, मराठी पेपर मांडीवर घेऊन बसायला वासुदेवरावांचा जीव नुसता तळमळत होता.

या घरात तर खाण्याचं युद्धच पेटलेलं. फ्रिजवर तक्ता लावलेला. डावीकडे शंतनुचं कीटो: पोळी बंद, भात बंद, अंडी-पनीर-लोणी चालू. उजवीकडे सूनबाई शाल्मलीचं मेडिटरेनियन: ऑलिव्ह तेल, छोले, अक्रोड, पालेभाजी.

"माझं सहा किलो उतरलंय!" शंतनु म्हणायचा.

"वजन उतरलं रे, पण हार्टचं काय? बाबा माझ्याच डाएटवर राहणार!"

आणि बाबा राहिलेही. महिनाभर मुकाट्यानं छोले गिळले. मात्र महिना नेमका धुंधुरमासाचा. शेजारचे कृष्णमूर्ती रोज पहाटे "बन्नी सार", म्हणजे 'या सर', म्हणत त्यांना मागच्या देवळात न्यायचे आणि पूजा आटोपली की पुजारी हातावर हुग्गीचा द्रोण ठेवायचा. आता प्रसादाला नाही कसं म्हणणार? आणि प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे, असं वासुदेवराव स्वतःला रोज बजावत होते. इतकं बजावलं, की आज रक्त द्यायचंय हे ठाऊक असूनही हात आपोआप पुढे गेला!

"बाबा, हात पुढे करा ना," शाल्मली म्हणाली.

"आज नको. उद्या घेऊ."

"उद्या? रिपोर्ट कधी येणार मग? शनिवारी सकाळी सहाची फ्लाइट आहे तुमची."

"अगं, मला जरा चक्कर येतेय."

"उपाशी आहात म्हणून. दोन मिनिटांत होईल, मग लगेच नाश्ता देते."

देवाप्पानं पट्टा आवळला. सुई निघाली. आता या सुईतून तूपच बाहेर येणार, अशी वासुदेवरावांची खात्रीच पटली. घाबरून त्यांनी हात मागे ओढला आणि तोंडाला येईल ते बोलून गेले, "छातीत... छातीत कसंसंच होतंय!"

झालं! देवाप्पा सुई टाकून उभा राहिला. शंतनुच्या हातातलं उकडलेलं अंडं गडगडत सोफ्याखाली गेलं. शाल्मलीनं त्याच्याकडे गाडीची किल्ली फेकली आणि वासुदेवराव "अरे, थांबा, तसं नाही रे" म्हणेपर्यंत दोघांनी त्यांना लिफ्टमध्ये कोंबलंसुद्धा.

गाडी रिंग रोडच्या गर्दीत अडकली. शंतनु हॉर्न वाजवत होता, त्याचा चेहरा पांढराफटक. मागच्या सीटवर वासुदेवराव बायकोच्या कानाशी लागले, "सुचेता, अगं मला काही झालेलं नाही. देवळात हुग्गी खाल्ली मी, म्हणून थाप मारली."

सुचेताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की खरंच छातीत कळ यावी. "गप्प बसा आता!" त्या एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टर स्मृती भेटल्या. इथल्याच, बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातल्या. ईसीजी झाला, रक्त गेलं, वासुदेवरावांच्या अंगाला चारपाच वायरी लागल्या.

"स्वल्प सांगा बघू अण्णा, कसं होत होतं छातीत?"

वासुदेवरावांनी डोळे मिटून घेतले. "काही होत नव्हतं हो, डॉक्टर. हुग्गी खाल्ली होती. महिनाभर रोज खातोय. रिपोर्ट बिघडेल म्हणून खोटं बोललो."

"रोज?" शाल्मली किंचाळली. "माझ्या छोल्यांवर हुग्गी?"

डॉक्टर हसल्या. "एवढंच? अण्णा, सकाळी एक द्रोण खाल्ला म्हणून एलडीएल फारसं हलत नाही. रक्त न्यायला आलेल्या त्या पोराला सांगितलं असतंत, तरी त्यानं रक्त घेतलं असतं!"

दोन तासांनी रिपोर्ट आला. एलडीएल सदुसष्ट! वासुदेवराव वायरींसकट उठून बसले.

"बघितलंस? मेडिटरेनियन!" शाल्मलीनं नवऱ्याला सुनावलं.

"हुग्गीतल्या तुपाचं काय मग? ते माझ्या बाजूचं!"

"गोळ्या वेळेवर घेतल्या त्यांनी, त्याचंही कौतुक करा कुणीतरी," डॉक्टर म्हणाल्या.

"ते जाऊ द्या. मी शनिवारी पुण्याला जाऊ ना?"

"छे! तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलेला माणूस छातीत कसंसंच होतंय म्हणतो, आणि मी विमानात बसवू? रात्रभर इथंच राहा. मग काही तपासण्या. महिनाभर तरी प्रवास नाही."

"अहो, पण ते खोटं होतं! आत्ताच सांगितलं ना!"

"घरी जायची घाई असली, की सगळे असंच म्हणतात, अण्णा."

शंतनुनं तर फोन काढून तिकीट रद्द करायला घेतलं. आता एकच साक्षीदार उरला होता. वासुदेवराव काकुळतीला आले, "सुचेता, तू तरी सांग यांना! गाडीत मी तुला काय म्हणालो?"

सुचेताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. पुण्यात झटका आला त्या दुपारी, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात, हे जमिनीवर आडवे पडलेले असताना मदतीला कुणी येतं का म्हणून त्या एकट्या जिन्यात ओरडत होत्या. मनानं तो जिना त्या अजून उतरल्या नव्हत्या.

"मला काय बाई माहीत," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "गाडीत सारखे छातीवर हात ठेवून कण्हत होते."