तांबेचं मापातलं भूत

आमच्या अंबडच्या कारखान्यात तांबे नावाचा एक ड्राफ्ट्समन होता. भूत दरवाजातून आत येतं तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना किती मिलिमीटर जागा सुटते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने तसं ड्रॉइंगच काढलं होतं. वरून, समोरून आणि बाजूने.

तेव्हा आमच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले होते. बाकीचे आम्ही त्यावर पत्ते खेळायला शिकलो. तांबेने कुठूनशी गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची सीडी मिळवली आणि स्वतःचा गेम बनवायला घेतला, तोही भुताचा. एक माणूस हँडिकॅम घेऊन एका घरात शिरतो आणि गायब होतो. मागे सापडते फक्त त्याची कॅसेट. ती कॅसेट म्हणजेच गेम. खेळणारा त्या कॅमेऱ्यातून बघत घरभर हिंडतो, कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकतो, बॅटरी उतरत जाते. सगळा कारभार बारा मिनिटांचा. त्यासाठी या गृहस्थाने तीन वर्षांचे रविवार घातले.

"भीती मापात पाहिजे," तो म्हणायचा. "कमी पडली तर माणूस हसतो, जास्त झाली तर डॉक्टर बोलवावा लागतो." मापात हा त्याचा लाडका शब्द. चहात साखर मापात, साहेबाला नमस्कारही मापात.

त्याची इच्छा एकच होती. कोणीतरी हा गेम शेवटपर्यंत खेळावा आणि मनापासून घाबरावं. पण जेवणाच्या सुट्टीत खेळायला बसवलं कोणाला, तर ड्राफ्ट्समन लोकांना.

आमचे चेकर गायधनी. त्यांच्या सहीशिवाय एकही ड्रॉइंग बाहेर पडायचं नाही, आणि लाल पेनाच्या खुणा केल्याशिवाय ते सही करायचे नाहीत. ते खेळायला बसले तेसुद्धा लाल पेन हातात घेऊन. अंधाऱ्या पॅसेजमध्ये मागून पावलं वाजू लागली. गायधनी थांबले.

"तांबे, इथे बीम कुठाय? हा स्लॅब टेकलाय कशावर?"

पावलं अगदी मानेपाशी आली.

"आणि संडासाचं दार जिन्यावर उघडतंय. माणूस पडेल ना."

मग बाकीचेही सरसावले. सुट्टी संपेपर्यंत स्लॅबवर वाद चालला आणि भूत बिचारं मागे ताटकळत राहिलं.

तांबेने सगळ्या दुरुस्त्या निमूटपणे केल्या आणि रिव्हिजन बी आणली. गायधनींनी तिच्यातही चुका काढल्या. असं करत प्रकरण रिव्हिजन एफपर्यंत गेलं. पण स्वयंपाकघराच्या पुढे कोणी पोचेना. मशीन शॉपमधला हरसूलचा खंडू तर अर्ध्यातून उठला. "तांबेसाहेब, भूत हाय कुठं? लय जिने चढलो, माझं जेवण राहिलं," म्हणाला आणि डबा खायला गेला.

शेवटी मॅनेजरसाहेबांनी स्क्रीनवर ते घर पाहिलं आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर खाजगी बांधकामाचे नकाशे काढतो म्हणून तांबेला मेमो दिला. गेम ऑफिसातून हद्दपार झाला. तांबेचा चेहरा मला बघवेना.

"रविवारी तुझ्या घरी येतो," मी म्हटलं. "बीमबद्दल एक अक्षर काढणार नाही."

त्याचं घर देवळाली कॅम्पात. सकाळची वेळ, बाहेर भाजीवाल्याची हाळी चाललेली. तांबेने घरच्या कॉम्प्युटरवर गेम लावला आणि तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी पॅसेज ओलांडला, जिना चढलो, स्वयंपाकघर पार केलं. शेवटच्या खोलीत एक म्हातारा पाठमोरा बसला होता. मी जवळ गेलो तसा तो वळला. सुळे नाहीत, रक्त नाही, नुकती दाढी केलेला साधा चेहरा. त्याने मला नीट न्याहाळलं आणि अदबीने विचारलं, "आपण कोण?"

खाली नाव लिहायला चौकट आली. मी नाव लिहिलं.

"आपण कोण?"

मी पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा विचारलं, तितक्याच अदबीने. का कोण जाणे, तिसऱ्यांदा नाव लिहायचं धाडस होईना. मी खुर्ची मागे सारली.

"बंद कर बाबा. घाबरलो मी."

तांबेने खूश व्हायला हवं होतं. त्याने नुसता कॉम्प्युटर बंद केला. तेवढ्यात आतल्या खोलीतून तोच आवाज आला, "कोण आलंय?"

"वडील," तांबे म्हणाला. "चार वर्षं झाली, ओळखत नाहीत. मी तुमचा मुलगा, सदा, म्हटलं की घाबरतात, कोणी भलताच माणूस घरात शिरला असं वाटतं त्यांना. मग मी शेजारचा बनतो."

तो आत गेला. मी दारात उभा राहिलो. "नमस्कार काका," तो म्हणाला. सख्ख्या बापाला काका म्हणताना त्याचा आवाज जराही हलला नाही.

"या, बसा ना," म्हातारा म्हणाला. "आमचा सदा येईलच एवढ्यात कामावरून. त्याला भेटूनच जा."

"बसतो," तांबे म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, आणि दोघं मिळून सदाची वाट बघू लागले.