शुभ हाताची सही

मी आयुष्यात एक रुपयासुद्धा कर बुडवलेला नाही. छातीठोकपणे सांगतो! आता खरं सांगायचं तर बुडवायची संधीच कधी मिळाली नाही. माझा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. पण बुडवला नाही तो नाहीच. हे वाक्य मी लालबागच्या आमच्या चाळीत इतक्या वेळा ऐकवलंय, की मी तोंड उघडलं की लोक चपला शोधायला लागतात.

मी दत्ताराम परब. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात सव्वीस वर्षं हेडक्लार्क. निवृत्तीला तेव्हा सात महिने होते. तिथे माझा मान मोठा होता! दर लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा झाली की शेठ सगळ्यांसमोर म्हणायचे, "पहिली सही परबांची. त्यांचा हात शुभ आहे." मग दहा-बारा कोऱ्या कागदांवर मी झोकात सह्या करायचो, टाळ्या व्हायच्या आणि घरी काजूकतलीचा अर्धा किलोचा बॉक्स यायचा. बाकीच्यांना पाव किलो.

आणि यंदा तर माझी कॉलर आणखी ताठ होती. आमची एकुलती एक मनवा चार वर्षं घासून परीक्षा पास झाली आणि तिची आयकर खात्यात निवड झाली! फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. ते कधीही घरी येतील म्हणून आम्ही यंदा गणपतीला गावीही जाणार नव्हतो.

अशात गुरुवारी संध्याकाळी खुद्द यशोधनशेठ तीन जिने चढून आमच्या दारात आले! सव्वीस वर्षांत हा माणूस चाळीच्या फाटकापर्यंतही आला नव्हता. हातात काळी पत्र्याची पेटी, तिला दोन कुलपं, आणि शर्ट घामाने भिजलेला.

"परबकाका," शेठ म्हणाले. सव्वीस वर्षं मी नुसता परब होतो. "घरी रंगकाम काढलंय. ही पेटी आठ दिवस ठेवाल? आईच्या आठवणी आहेत. तुमच्याइतका प्रामाणिक माणूस मला दुसरा दिसत नाही."

"शेठ, आठ दिवस काय, आठ वर्षं ठेवतो!" मी म्हणालो. कधी कधी माझी जीभ माझ्या बापाचीही ऐकत नाही.

शेठ गेल्यावर आमची ही पेटी उचलायला गेली आणि कंबर धरून उभी राहिली.

"अहो, काय आहे यात?"

"शेठच्या आईच्या आठवणी."

"एवढ्या जड? बाई जगली तरी कशी!"

शनिवारी सकाळी गोदामावर पोचलो तर गेटवर चार पांढऱ्या गाड्या. आयकराची धाड! कपाटं उघडलेली, कॉम्प्युटरच्या वायरी लोंबकळत होत्या आणि सगळ्यांचे मोबाईल एका टेबलावर ओळीने मांडलेले. शेठ खुर्चीत शांत बसून लिंबूपाणी पीत होते. एका साहेबांनी मला विचारलं, "इथून काही सामान बाहेर गेलंय का?"

"न-नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं गेलं. इथून नव्हतं गेलं, शेठच्या घरून गेलं होतं! पण माझे पाय असे लटपटायला लागले की साहेबांनीच मला खुर्ची दिली.

घरी आलो तो घामाने निथळत. पेटीत काय असणार ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं. नोटा! नाहीतर सोन्याच्या विटा! आणि त्या कुठे? आयकर खात्यात लागणाऱ्या मुलीच्या पलंगाखाली! पडताळणीला पोलीस येणार, पेटी बघणार, माझ्या हातात बेड्या आणि मनवाची चार वर्षं पाण्यात. पोरीने ज्या पलंगावर बसून अभ्यास केला, त्याच पलंगाखाली बापाने तिचं वाटोळं ठेवलं होतं. माझ्या घशाखाली घास उतरेना.

पेटी लपवायची कुठे? आमची खोली एकशे ऐंशी फुटांची. दार सकाळी उघडतं ते झोपायच्या वेळीच बंद होतं. पेटी पलंगाखालून माळ्यावर न्यायला बाहेर काढली, तेवढ्यात शेजारच्या सुंदराबाई मिक्सर मागायला आल्या आणि खुशाल तिच्यावरच बसल्या.

"दत्ता, नवीन पेटी रे? मनवाचं लग्न ठरलं की काय?"

"न-नाही!"

"मग घाम का सुटलाय तुला?"

दिवेलागणीपर्यंत मजल्यावरच्या सगळ्यांना पेटीचं कुलूपसुद्धा माहीत झालं होतं. रविवारी माझ्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली. अशी कल्पना मला वर्षातून एकदाच सुचते आणि पुढलं वर्ष ती निस्तरण्यात जातं.

गणपतीच्या आधी आमच्या मजल्याच्या गॅलरीत गावी जाणाऱ्या सामानाचा ढीग लागतो. पेट्या, गोणी, मखरं, पखवाज, कुणाचा जुना टीव्ही. प्रत्येक बोजाला गोणपाट शिवलेलं, सुतळी बांधलेली आणि वर नाव, गाव, वाडी. त्या चाळीस बोजांत एकेचाळिसावा कोण बघणार? मी पेटीला गोणपाट शिवलं. बिननावाचा बोजा दिसला तर लोक चौकशी करणार, म्हणून वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'द. मो. परब, ता. मालवण'. ढिगाच्या मागे पेटी सरकवली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता दारावर टकटक झाली. दार उघडं असताना आमच्याकडे टकटक फक्त सरकार करतं. बघतो तर दोन पोलीस!

"दत्ताराम परब कोण?"

"मी फक्त ठेवायला घेतली होती!" मी किंचाळलो.

"काय घेतली होती?"

"रजा!" आतून आमची ही धावत आली. "आज रजा घेतलीय त्यांनी. जरा प्रेशर आहे त्यांना. बसा ना, चहा टाकते."

हवालदारांनी वही काढली. "मुलीची पडताळणी आहे. घाबरता कशाला? कुठल्या खात्यात लागतेय?"

"आयकर," मनवा म्हणाली.

"अरे वा! मग पहिली धाड घरीच घाल!" हवालदार खदखदून हसले आणि माझ्या हातातली चहाची बशी त्यांच्या वहीवर गेली.

वही पुसता पुसता त्यांची नजर बाहेर गेली. "शेजारच्यांना दोन प्रश्न विचारतो. गॅलरीत एवढ्या सुतळ्या पडल्यात, सामान कुणाचं होतं?"

होतं? मी मान वळवली. गॅलरी रिकामी! चाळीस बोजे गेले होते, आणि त्यांच्याबरोबर एकेचाळिसावाही!

खाली वाकून मी ओरडलो, "बस कुठेय?" पानवाला म्हणाला, "आत्ताच गेली शिवडीला." गणपतीला गावी जाणाऱ्या चाळीच्या बसचं सगळं बघायचा आमचा बुधाजी. त्याला फोन लावला.

"दत्ता, तुझी पेटी मी सगळ्यात आधी चढवलंय रे!" बुधाजी अभिमानाने सांगत होता. "पार तळाक घातलंय. भावाक धाडतंस मां? माका सांगायचा नाय? काय काळजी करू नको, घरपोच करतंय!"

आमच्या चाळीत ही पद्धतच आहे. नाव दिसलं, गाव दिसलं की कुणी कुणाला विचारत नाही, बोजा उचलतात आणि गावी पोचवतात. पिढ्यान् पिढ्या एकही बोजा हरवलेला नाही. नेमका माझाच कसा हरवणार?

पोलीस सुंदराबाईंकडे बसले होते. त्या आमच्या घराण्याचं कौतुक तीन पिढ्यांपासून सांगत होत्या, म्हणजे तासाभराची निश्चिंती होती. मी मनवाचा हात धरला. "स्कूटर काढ! शिवडी!"

"बाबा, झालंय काय?"

"आधी चालव!"

परळच्या सिग्नलला तिने गाडी थांबवली आणि मान वळवून म्हणाली, "आता सांगितलं नाहीत तर सिग्नल सुटला तरी मी हलणार नाही." मी सगळं सांगितलं. लिंबूपाण्यासकट. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न बोंबलायला लागले, पण ती हलेना. आरशात तिचा चेहरा पांढराफटक पडलेला दिसत होता.

"बाबा, मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. चार वर्षांत या पोरीने एकदाही भीती वाटते म्हटलं नव्हतं.

शिवडी नाक्यावर, सागरी पुलाच्या अलीकडे, बस उभी होती. कॉटन ग्रीनची माणसं चढत होती. मी धावत जाऊन बससमोर आडवा झालो.

"डिकी उघडा! माझी पेटी काढा!"

"अरे, तळाक हा ती!" बुधाजी खाली उतरला. "सगळा सामान काढूक लागात!"

"काढा!"

चाळीस बोजे रस्त्यावर आले. गोणी आल्या, टीव्ही आला, कुणाचं तरी मखर पखवाजाखाली चेपून आलं. पन्नास माणसं खिडक्यांतून माझा उद्धार करत होती. शेवटी पेटी निघाली. दोघांनी उचलली, तिसऱ्याने 'सांभाळून' म्हटलं, आणि म्हणताच ती हातातून सुटली. गोणपाट फाटलं, कुलपं राहिली जागच्या जागी आणि मागच्या बिजागऱ्या तुटून झाकण उघडलं!

मी डोळे मिटले. आता नोटा उडणार आणि अख्खी बस त्या गोळा करायला उतरणार!

"फक्त कागद हत!" बुधाजी निराश होऊन म्हणाला.

मी डोळे उघडले. फायली! नुसत्या फायली! एक नोट नाही, सोन्याचा कण नाही. मला इतका आनंद झाला की मी बुधाजीला मिठी मारली. मनवा मात्र रस्त्यावरच फतकल मारून एकेक फाईल वाचत होती.

"बाबा, ही कंपनी कुणाची?"

"मला काय ठाऊक? शेठची असेल."

"तुमची आहे. आणि ही?"

"शेठची?"

"तुमची. अशा सहा आहेत, सगळ्या तुमच्या. शेठ माल या कंपन्यांकडून घेतल्याचं दाखवतात, नफा इकडे वळवतात आणि कर भरतच नाहीत. चौदा कोटींची उलाढाल आहे, बाबा. ही सही तुमचीच ना?"

मी बघितलं. द. मो. परब. शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट. लक्ष्मीपूजनाचीच सही! अर्धा किलो काजूकतलीची!

"चौदा कोटी?" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. "दत्ता, मग बसचा डिझेल तूच भर!"

सगळे हसले. मी फुटपाथवर बसलो. शेठची पेटी लपवतोय असं मी समजत होतो. मी माझाच गुन्हा लपवत होतो, वर नाव, गाव, तालुका घालून!

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेठ!

"परबकाका, आठवणी ठीक आहेत ना? तुमच्या ग्रॅच्युइटीची फाईल समोरच घेऊन बसलोय."

सव्वीस वर्षांची ग्रॅच्युइटी. त्यावर हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मी फोनवर हात ठेवून मनवाकडे बघितलं.

"पेटी घरी नेलीत तर मी त्या खात्यात पाऊल ठेवणार नाही," ती म्हणाली. "साहेबांकडे नेलीत तर कदाचित तेच मला ठेवू देणार नाहीत. पण नेऊ या." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचा कर तुमच्या हातात पगार यायच्या आधी घेतात, बाबा. शेठकडे मागायला जावं लागतं, तर ते तुम्हालाच पुढे करतात."

"शेठ," मी फोनवर म्हणालो, "पेटी अगदी सुखरूप आहे. योग्य जागी पोचवतोय." आणि फोन बंद केला. ते वाक्य धीट वाटतं ना? माझे दात वाजत होते. त्या आवाजाने शेठना वाटलं असेल, रेंज नाही.

सुतळीने बांधलेली पेटी स्कूटरवर पायांत धरून आम्ही आयकर कार्यालयात गेलो. साहेब तेच, शनिवारी खुर्ची देणारे! चार तास जबाब चालला.

"कोऱ्या कागदांवर सह्या का केल्यात?"

"साहेब, लक्ष्मीपूजन होतं. माझा हात शुभ आहे."

साहेबांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि तेही जसंच्या तसं लिहून घेतलं. मनवाने आपण कोण ते स्वतःहून सांगितलं. साहेब म्हणाले, "मी वर कळवतो. बापाला स्वतः घेऊन आलात, तेही कळवतो."

पुढले दोन महिने पोस्टमन दिसला की मी संडासात जाऊन बसायचो. शेवटी पत्र आलं आणि मनवा रुजू झाली! मी साक्षीदार झालो. हिने माझ्यासमोर तांदळाची परात ठेवून शपथ घ्यायला लावली, की न वाचता सही करणार नाही. आता मी कुरियरवाल्याची पावतीसुद्धा दोनदा वाचतो. तो जिन्यावर बसून घेतो.

शेठचं काय झालं? चार वकील आहेत, तारखा पडतायत. परवा कफ परेडला त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली म्हणे. माझी ग्रॅच्युइटी अडकलीय आणि हिचे गुडघे तसेच आहेत. मला याचा राग येतो. भीती होतीच, तिच्या जोडीला आता राग आलाय.

आणि गेल्या आठवड्यात जेवताना मनवाने माझा मोबाईल घेतला. तिचा चेहरा गंभीर झाला.

"बाबा, तुम्हाला नोटीस आलीय."

माझ्या हातातला घास ताटात पडला. "चौदा कोटींची?"

"नाही. बँकेतल्या ठेवीचं व्याज दाखवायचं राहिलंय. तीन वर्षं." तिने आकडा मोठा करून माझ्यासमोर धरला. "एक हजार एकशे ऐंशी रुपये कर. पंधरा दिवसांत भरायचाय. उशीर चालणार नाही."

तेव्हा वाचकहो, वर सुरुवातीला माझं एक छातीठोक वाक्य आहे, ते कृपया खोडून वाचावं.